पिस्टनचे माप : कोल्हापूरच्या कारागिरीचा एक अलिखित अध्याय

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर राजेरजवाडे, लढाया, तह आणि सनावळ्या उभ्या राहतात. शाळेच्या पुस्तकात तेच असते आणि परीक्षेतही तेच विचारले जाते. पण वाचकहो, ज्या शहरात आपण राहतो त्या शहराचे पोट ज्या हातांनी भरले, त्या हातांचाही एक इतिहास असतो. तो बखरीत सापडत नाही. तो लेथ मशीनच्या चकतीवर, डिझेलने धुतलेल्या सुट्या भागांवर आणि मेस्त्रींच्या बोटांवर लिहिलेला असतो. कोल्हापूरच्या या इतिहासातील एक लहानसा अध्याय या लेखात आपणापुढे ठेवायचा आहे. विषय वरवर पाहता गॅरेजमधला आहे : इंजिनाचे काम करताना पिस्टन मापणे आणि तो सिलिंडरमध्ये बसविणे. परंतु हा विषय आपल्या मुलामुलींच्या शिक्षणाशी किती जवळून जोडलेला आहे, हे शेवटपर्यंत वाचल्यास आपल्या ध्यानी येईल.

पिस्टनची जुनी कुळकथा

पिस्टन म्हणजे नळकांड्यात मागेपुढे सरकणारा दट्ट्या. ही कल्पना पेट्रोल-डिझेलपेक्षा फार जुनी आहे. प्राचीन अलेक्झांड्रिया शहरात दट्ट्याचे पंप ठाऊक होते. पुढे दियारबकरच्या आर्तुकी दरबारातील थोर यंत्रज्ञ अल्-जझरी यांनी १२०६ साली पूर्ण केलेल्या आपल्या ग्रंथात पाणी उपसणाऱ्या दोन सिलिंडरच्या पंपाचे सविस्तर वर्णन केले. त्यातील दट्ट्या तांब्याच्या चकत्यांचा होता आणि चकत्यांच्या मध्ये वाखाची दोरी घट्ट गुंडाळलेली होती. ही दोरी कशासाठी? तर दट्ट्या आणि नळकांडे यांच्यामधली फट बुजविण्यासाठी. म्हणजे आठशे वर्षांपूर्वीही कारागिरापुढे प्रश्न हाच होता : दट्ट्या सैल असेल तर पाणी गळते आणि घट्ट असेल तर तो सरकत नाही.

इंग्लंडमध्ये न्यूकोमेनने १७१२ साली वाफेचे इंजिन उभे केले, तेव्हा त्याने दट्ट्याला कातडे लावले आणि वरून पाण्याचा थर ठेवला. जेम्स वॅटला १७६९ साली आपल्या सुधारलेल्या इंजिनाचे पेटंट मिळाले, तरी त्यानंतर कित्येक वर्षे ते इंजिन बाजारात येईना. त्याला खरा गोल सिलिंडर कोणी करून देईना, हे त्यामागचे एक मोठे कारण होते. अखेर तोफांच्या नळ्या कोरणाऱ्या जॉन विल्किन्सनने १७७५ च्या सुमारास दोन्ही टोकांना आधार दिलेल्या दांड्यावर कोरणी बसवून सिलिंडर कोरले. वॅटचा भागीदार बोल्टन याने दुसऱ्याच वर्षी समाधानाने नमूद केले की, ५० इंच व्यासाच्या सिलिंडरमध्ये जुन्या शिलिंगच्या जाडीइतकाही फरक राहिलेला नाही. त्या काळी नाण्याची जाडी हीच अचूकतेची शिकस्त होती. आज आपल्या उद्यमनगरातला साधा कारागीर त्याहून कितीतरी पट बारीक फरक पकडतो.

पुढे १८५० च्या दशकात जॉन रॅम्सबॉटमने रेल्वेच्या इंजिनासाठी पिस्टनला धातूच्या चिरलेल्या रिंगा बसविल्या. वाख, कातडे, दोरी यांची गरज संपली. १८४८ साली पॅरिसच्या पामरने हातात धरता येईल अशा मायक्रोमीटरचे पेटंट घेतले. १८७६ साली ऑटोचे चार फेऱ्यांचे इंजिन आले आणि १८९७ साली डिझेलचे इंजिन यशस्वीपणे चालले. अशा रीतीने आपल्या गॅरेजमधले सारे सामान एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तयार झाले होते.

यंत्र कोल्हापुरात आले

कोल्हापूर-मिरज रेल्वे १८९१ साली सुरू झाली. राजर्षी शाहू महाराजांनी शाहूपुरीची बाजारपेठ वसविली आणि गुळाच्या व्यापाराला बळ दिले. १९०६ साली शाहू मिलची उभारणी सुरू झाली. यंत्र आले की ते दुरुस्त करणारा हात लागतोच. त्यातून लोहार, सुतार, तांबट, घिसाडी अशा परंपरागत कारागिरांची मुले लेथकडे वळली. याच शहरात बाबूराव पेंटर आणि त्यांचे सहकारी दामले यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात स्वतःच्या हातांनी सिनेमाचा कॅमेरा तयार केला, हे आपण ऐकले असेलच. विलायती वस्तू समोर ठेवायची, ती उकलायची, मापायची आणि तशीच येथे करायची, ही कोल्हापूरची खोड तेव्हापासूनची आहे.

ऊस वाढला तशी पाण्याची गरज वाढली. पंचगंगेच्या काठावर मोटा होत्या, तेथे हळूहळू ऑइल इंजिने धडधडू लागली. ती बहुतेक इंग्लंडहून येत. शेजारी किर्लोस्करवाडी १९१० पासून उभी होती. साताऱ्याला धनजीशा कूपर यांच्या कारखान्याने १९३० च्या दशकात देशी डिझेल इंजिन बनविले. १९४६ साली पुण्याजवळ खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९३९ ते १९४५ मध्ये, परदेशी सुटे भाग मिळणे दुरापास्त झाले. पिस्टन झिजला, रिंग तुटली की विहिरीवरचे इंजिन बंद पडे आणि डोळ्यांदेखत ऊस वाळे. अशा वेळी येथल्या मेस्त्रींनी जुना पिस्टन मापून, साचा करून, बीड ओतून नवा पिस्टन करण्याचा प्रयत्न केला नसता तरच नवल. गरज ही गुरू झाली. त्या पिढीतील उद्योगधुरिणांपैकी वाय. पी. पोवार यांचे नाव आजही शहरातील एका वसाहतीला आहे. शिवाजी उद्यमनगर, मग शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहती, तेथल्या फौंड्र्या आणि मशीन शॉप्स हा पुढचा विस्तार आपल्या परिचयाचा आहे.

युद्ध संपले आणि लष्कराच्या जुन्या जीपगाड्या व ट्रक बाजारात आले. १९४५ साली महिंद्र बंधूंनी मलिक गुलाम महंमद यांच्यासह 'महिंद्र अँड महंमद' ही कंपनी काढली. हीच १९४८ पासून 'महिंद्र अँड महिंद्र' झाली आणि तिने विलीज जीप भारतात जोडण्यास आरंभ केला. १ जून १९४८ रोजी एस.टी.ची पहिली गाडी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली. १९५४ साली जमशेदपूरहून टाटा-मर्सिडीज ट्रक बाहेर पडला. कोल्हापूर हे पुणे-बंगलोर रस्त्यावरचे आणि कोकणात उतरणाऱ्या घाटांच्या माथ्यावरचे गाव. गुळाच्या ढेपा भरलेले ट्रक आंबा, गगनबावडा, फोंडा या घाटांत चढउतार करू लागले. घाटात इंजिन तापते, तापले की झिजते आणि झिजले की गॅरेजला येते. कोल्हापूरच्या गॅरेजांची भरभराट झाली ती अशी.

मापाची गोष्ट

आता मुख्य विषयाकडे वळू. गाडी निळसर धूर मारू लागली, ऑइल खाऊ लागली, चढावर दम सोडू लागली की मेस्त्री सांगतात, 'इंजिन उतरवा.' हेड काढले, पिस्टन बाहेर घेतले आणि ब्लॉक धुऊन पुसून कोरडा केला की मापाला सुरुवात होते. ब्लॉक तापलेला असताना माप घेऊ नये, हा पहिला नियम.

सिलिंडर सगळीकडे सारखा झिजत नाही. वरची रिंग जेथे थांबून माघारी फिरते तेथे उष्णता सर्वांत जास्त आणि तेल सर्वांत कमी असते. म्हणून झीज तेथेच अधिक होते आणि तिच्यावर न झिजलेली एक कडा शिल्लक राहते. शिवाय स्फोट होताना कनेक्टिंग रॉड तिरका असल्यामुळे पिस्टन एका बाजूला रेटला जातो, त्यामुळे सिलिंडर लंबगोल होतो. म्हणून बोअर गेजने वर, मध्ये आणि खाली अशा तीन ठिकाणी, क्रँकच्या दिशेने आणि तिच्या काटकोनात, अशी प्रत्येक सिलिंडरची सहा मापे घ्यावी लागतात. वरच्या आणि खालच्या मापांतला फरक म्हणजे निमुळतेपणा, तर दोन दिशांतला फरक म्हणजे लंबगोलपणा.

एक उदाहरण घेऊ. जुन्या विलीज जीपचा सिलिंडर ३.१२५ इंच व्यासाचा असे. समजा, तो झिजून एका दिशेने ३.१३९ इंच झाला आहे. म्हणजे १४ हजारांश इंच झीज. बाजारात पिस्टन १०, २०, ३० आणि ४० हजारांश इंच वाढीव मापाचे मिळत. विद्यार्थी मित्रांनो, आपण कोणता पिस्टन मागवाल? १४ पेक्षा २० मोठे, म्हणून वीसचा, असे उत्तर चटकन सुचते. पण थोडे थांबा. २० ही वाढ व्यासातली आहे. सिलिंडरचा मध्यबिंदू जागचा हलवायचा नसेल तर प्रत्येक बाजूला फक्त १० हजारांश इंच धातू निघेल. आणि झीज जर बहुतेक एकाच बाजूला झाली असेल तर तेथे जवळपास १४ हजारांश खोल चर आहे. वीसचा बोअर मारूनही तो चर पुरता निघणार नाही. तेथे तीसचाच पिस्टन हवा, कारण त्यात प्रत्येक बाजूला १५ हजारांश धातू निघतो. व्यास आणि त्रिज्या यांतला फरक सातवीच्या वर्गात नीट कळला नाही, तर त्याची किंमत अशी मोजावी लागते.

पिस्टन मापतानाही असेच शहाणपण लागते. पिस्टन पूर्ण गोल नसतो. तो मुद्दाम किंचित लंबगोल घासलेला असतो आणि डोक्याकडे किंचित लहान असतो, कारण डोके अधिक तापते आणि अधिक फुगते. म्हणून माप गजन पिनेच्या काटकोनात, पिस्टनच्या खालच्या घेराजवळ, कंपनीने सांगितलेल्या उंचीवरच घ्यायचे. कोणी डोक्याजवळ मापून बोअर ठरविला तर पिस्टन घट्ट बसणार हे निश्चित.

किती फट ठेवायची, याचे उत्तर धातूवर अवलंबून असते. १०० मिलिमीटर व्यासाचा पिस्टन १५० अंश सेल्सिअसने तापला, तर बिडाचा पिस्टन सुमारे ०.१७ मिलिमीटर फुगतो आणि ॲल्युमिनियमचा सुमारे ०.३५ मिलिमीटर, म्हणजे दुप्पट. जुन्या ऑइल इंजिनांच्या बिडाच्या पिस्टनवर हात बसलेले मेस्त्री जेव्हा मोटारींच्या ॲल्युमिनियमच्या पिस्टनकडे वळले, तेव्हा त्यांना आपला जुना अंदाज बाजूला ठेवून नवे माप शिकावे लागले.

मायक्रोमीटर सर्वांकडे नसे. तेव्हा एक सोपी युक्ती होती. ठरावीक जाडीची फिलर गेजची लांब पट्टी सिलिंडर आणि पिस्टन यांच्यामध्ये घालायची आणि ताणकाट्याने ओढायची. विलीज जीपसाठी ३ हजारांश इंचाची पट्टी ५ ते १० पौंड ओढीने सरकली पाहिजे, असे सांगितलेले असे. ओढ जास्त लागली तर पिस्टन घट्ट, पट्टी अलगद निघाली तर सैल.

दुसरी युक्ती तर गणिताच्या शिक्षकांनी वर्गात सांगावी अशी आहे. बोअर गेज नसेल तर नवी रिंग सिलिंडरमध्ये वरच्या भागात सरळ बसवून तिच्या दोन टोकांमधली फट मापायची, मग तीच रिंग खाली ढकलून पुन्हा मापायची. दोन्ही फटींतील फरकाला ३.१४ ने भागले की सिलिंडरचा निमुळतेपणा मिळतो. कारण रिंग म्हणजे परीघ, आणि व्यास १ ने वाढला की परीघ ३.१४ ने वाढतो. वरची फट खालच्यापेक्षा ३१ हजारांशांनी जास्त भरली, तर सिलिंडर वर १० हजारांशांनी रुंद झाला आहे असे समजावे. अशा सिलिंडरमध्ये केवळ नव्या रिंगा टाकून भागविणे म्हणजे मालकाचा पैसा पाण्यात घालणे, कारण प्रत्येक फेरीला रिंग उघडमिट करीत राहते आणि लवकरच ढिली पडते. वर्गात पाय् हे अक्षर पाहून कंटाळणाऱ्या मुलाला या रिंगेची गोष्ट सांगून पाहा.

बोअर मारताना शेवटचे दोन-तीन हजारांश होनिंगसाठी राखून ठेवतात. होनिंगच्या दगडांनी सिलिंडरच्या भिंतीवर एकमेकांना छेदणाऱ्या बारीक रेघा पडतात. या रेघांत तेल टिकते आणि रिंगा लवकर बसतात. भिंत आरशासारखी चकचकीत केली म्हणजे काम चांगले झाले, हा गैरसमज आहे. त्यानंतर ब्लॉक साबणाच्या पाण्याने घासून धुवायचा, नाहीतर दगडाची पूड राहून नव्या रिंगा महिन्याभरात खाऊन टाकते. प्रत्येक पिस्टन त्याच्याच सिलिंडरला मापून लावायचा, त्याच्यावरची खूण पुढे ठेवायची, चारही पिस्टनची वजने जुळवायची आणि रिंगांची तोंडे एका रेषेत येऊ द्यायची नाहीत. इतके सारे झाल्यावर इंजिन सुरू होते आणि पहिले काही शे किलोमीटर ते बेताने चालवायचे असते.

दोन हजारांशांची किंमत

सुमारे २५ मायक्रॉन म्हणजे एक हजारांश इंच. माणसाचा केस साधारण दोन ते चार हजारांश जाडीचा असतो. पिस्टन एवढासा घट्ट राहिला तर घाटात तापून सिलिंडरला चिकटतो. एवढासा सैल राहिला तर खडखडाट करतो आणि तेल जाळतो. ज्या कुटुंबाने कर्ज काढून एकच टेंपो घेतला आहे त्याला याचा अर्थ चांगला कळतो. गाडी आठ दिवस उभी राहिली तरी हप्ता थांबत नाही. घरात मुलांची फी, औषधपाणी, किराणा सारे त्या एका इंजिनावर चालते. म्हणून मापात प्रामाणिक असणे हा केवळ हुन्नराचा प्रश्न नाही, तो अमानतीचा प्रश्न आहे. दुसऱ्याची रोजी आपल्या हाती सोपविलेली असते.

आमच्या जुन्या उस्तादांनी हा हुन्नर शागिर्दांना तोंडी दिला. कानाने आवाज ओळखणे, अंगठ्याने गजन पिनेचा सैलपणा जोखणे, धुराच्या रंगावरून रोग सांगणे, ही त्यांची विद्या थोर होती. पण ती कागदावर उतरली नाही, म्हणून बरीचशी त्यांच्याबरोबरच गेली. कित्येकांना मायक्रोमीटर दिसे, पण त्यावरचा दशांश वाचता येत नसे. इंचाच्या मायक्रोमीटरच्या स्क्रूला इंचात ४० आटे असतात आणि फिरत्या नळीवर २५ खुणा. चाळीस गुणिले पंचवीस म्हणजे हजार. एवढे समजले की ते अवजार आपोआप बोलू लागते. ज्यांना समजले ते कारखानदार झाले, ज्यांना समजले नाही ते कितीही कुशल असले तरी दुसऱ्याने सांगितलेल्या मापावर विसंबून राहिले. भारतात १९५८ पासून दशमान मापे लागू होऊ लागली, तेव्हा सूत, इंच आणि मिलिमीटर अशा तिन्ही मापांत हिशेब करण्याची पाळी आली. येथेही शाळेत टिकलेला मुलगा सरस ठरला.

अंदाजाकडून मापाकडे झालेला हा प्रवास कोठवर पोहोचला, याचे उदाहरण दूर शोधावयास नको. १९४९ साली मद्रासला इंडिया पिस्टन्स सुरू झाली, तेव्हा पिस्टन तिकडून येई. १९७७ साली मेनन पिस्टन्स ही कंपनी आपल्या कोल्हापुरातच स्थापन झाली. ज्या गावात इंजिनांची दुरुस्ती करीत माणसे शिकली, त्याच गावाच्या वेशीवर शिरोलीला पिस्टन तयार होऊ लागले. १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा, आय.टी.आय., पॉलिटेक्निक, आणि १९८३ साली निघालेले के.आय.टी.चे अभियांत्रिकी महाविद्यालय यांमुळे हाताच्या विद्येला पुस्तकाची जोड मिळण्याची सोय झाली.

पालकांना आणि विद्यार्थ्यांना

पालकहो, आपल्यापैकी पुष्कळांची घरे गॅरेज, लेथ, वेल्डिंग, वायरिंग यांवर चालत आली आहेत. मुलगा दहावीला अडखळला की 'बसेल गॅरेजात' असे आपण सहज म्हणून जातो. वरील सारी मापे पाहिल्यावर हे वाक्य पुन्हा म्हणण्यापूर्वी विचार करावा, एवढीच विनंती. गॅरेजला गणित लागत नाही ही समजूत चुकीची आहे. तेथे दशांश, त्रिज्या, परीघ, उष्णतेने होणारे प्रसरण असे सारे लागते, आणि चूक झाली तर गुण कापले जात नाहीत, इंजिन जाते. मुलीसुद्धा आज मापन आणि तपासणीच्या कामात पुढे येऊ शकतात, कारण या कामाला मनगटाच्या जोरापेक्षा डोळ्यांची आणि मनाची स्थिरता अधिक लागते.

काळही बदलतो आहे. १ एप्रिल २०२० पासून देशात भारत स्टेज सहा ही मानके आली आणि विजेच्या गाड्या रस्त्यावर दिसू लागल्या. विजेच्या मोटारीला पिस्टन नाही. उद्या या धंद्याचे रूप पालटेल. पण तेथेही बेअरिंग आहे, शाफ्ट आहे आणि त्यांच्यामधली फट आहे. ज्याला माप वाचता येते त्याला अवजार बदलले तरी भीती नाही.

विद्यार्थी मित्रांनो, शेवटी तुम्हांला एक काम सांगावेसे वाटते. तुमच्या घरात, मोहल्ल्यात, नात्यात एखादे वृद्ध मेस्त्री असतील. या सुट्टीत एक वही घेऊन त्यांच्यापाशी बसा. त्यांनी पहिले इंजिन कोणते उघडले, पिस्टन कशाने मापला, फट किती ठेवली, रिंगा कोठून आणल्या आणि हे सारे त्यांना कोणी शिकविले, ते विचारा आणि आकड्यांसकट लिहून ठेवा. कोल्हापूरच्या इतिहासाचा हा अध्याय अजून पुरता लिहिला गेलेला नाही. सांगणारे थोडे उरले आहेत. त्यांना लिहिता येत नसेल, पण तुम्हांला येते.